संस्कार, श्रद्धा आणि राजकारण : कृष्णाकाठची साक्ष

माणसाची धर्मविषयक आणि राजकीय मते कोठून येतात, हा प्रश्न जुना आहे. आणि त्याचे उत्तर देताना बहुतेक माणसे दोन मापे वापरतात. स्वतःची मते आपण वाचून, ऐकून व विचार करून ठरविली, असे प्रत्येकास वाटते. प्रतिपक्षाची मते मात्र त्याला घरातून, जातीतून किंवा गुरुजींकडून आयती मिळाली, अशी त्याची खात्री असते. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथात या भ्रमावर नेमके बोट ठेवले आहे. ज्या कारणांनी एखादा मनुष्य लंडनमध्ये श्रद्धाळू ख्रिस्ती होतो, त्याच कारणांनी तो पेकिंगमध्ये बौद्ध किंवा कन्फ्यूशियसचा अनुयायी झाला असता, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. हे खरे मानले, तर पुढचा प्रश्न अधिक अवघड होतो. घर आणि समाजच मनुष्याला मते देत असतील, तर घराविरुद्ध आणि समाजाविरुद्ध उभे राहणारे लोक निपजतात तरी कोठून? आणि एखाद्या समाजाची मते बदलावयाची झाली, तर प्रयत्नाला आरंभ कोठे करावयाचा?

या प्रश्नाचा ऊहापोह अधांतरी करण्यापेक्षा एका ठरावीक प्रदेशाच्या इतिहासात उतरून करणे बरे. त्या दृष्टीने कृष्णाकाठासारखा दुसरा प्रदेश मिळणे कठीण. आज सातारा आणि सांगली हे दोन वेगळे जिल्हे आहेत. पण वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच मोडत. संस्थाने विलीन झाल्यानंतर त्या वर्षी 'दक्षिण सातारा' जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. साताऱ्याची छत्रपतींची गादी, सांगलीचे गणेशभक्त पटवर्धन, औंधचे पंतप्रतिनिधी, पंढरीची वाट चालणारे वारकरी, शेती करणारे जैन आणि गावकुसाबाहेरची वस्ती, हे सारे या चिंचोळ्या खोऱ्यात एकमेकांना लागून नांदत होते. याच खोऱ्याने गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्राला नास्तिक दिले, भक्त दिले, समाजसुधारक दिले, काँग्रेसचे पुढारी दिले आणि कम्युनिस्टही दिले. माती एक असून पीक इतके निराळे का यावे, याचा शोध घेतला तर संस्कार या शब्दाचा अर्थ थोडा स्पष्ट होतो.

पहिले उदाहरण कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचे. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म तेथे १४ जुलै १८५६ रोजी एका गरीब ब्राह्मण घरात झाला. स्नानसंध्या, सोवळेओवळे, व्रतवैकल्ये यांत वाढलेला हा मुलगा पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तेथे मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी त्याच्या मनाची पकड घेतली. १८८८ साली 'सुधारक' पत्र काढून आगरकरांनी बालविवाह, केशवपन, जातिभेद आणि शब्दप्रामाण्य यांवर जो मारा केला, त्याने पुण्याच्या सनातनी मंडळींचा संताप इतका अनावर झाला, की आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. टेंभूच्या घरातले कोणतेही धार्मिक मत त्यांच्यापाशी शिल्लक राहिले नव्हते, असे वरवर पाहता म्हणता येईल.

तथापि याच आगरकरांनी एम. ए. होण्याच्या सुमारास आपल्या आईस लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. आपला मुलगा मोठ्या परीक्षा देत आहे, आता त्यास मोठ्या पगाराची जागा मिळेल, असे मनोरथ आईने करू नयेत. पोटापुरत्या पैशावर संतोष मानून सारा वेळ परहितार्थ खर्च करण्याचे आपण ठरविले आहे, असा त्याचा आशय आहे. ही भाषा मिलच्या ग्रंथातली नव्हे. विद्या विकू नये, पोटापुरते मिळाल्यावर अधिकाची हाव धरू नये आणि एकदा घेतलेला नेम मोडू नये, हे जुन्या वैदिक घराचे शिक्षण होते. देव सुटला, नेम सुटला नाही. लोकांच्या शिव्याशाप सोशीत, दम्याने जर्जर होऊन १७ जून १८९५ रोजी वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी ते गेले, तोवर तो नेम चालला.

आगरकरांच्या शेजारी लोकमान्य टिळकांना उभे केले म्हणजे ही गोष्ट अधिक उघड होते. दोघांचा जन्म एकाच वर्षी एकाच महिन्यातला, जात एक, कॉलेज एक, १८८० साली काढलेली शाळा एक. आणि १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस दोघांनी एकत्र काढले. इतके साम्य असूनही सामाजिक सुधारणा आधी की राजकीय स्वातंत्र्य आधी, या प्रश्नावर दोघांची कायमची फारकत झाली. केवळ जन्म आणि वळण यांवरून मत सांगता आले असते, तर हे घडले नसते. उलट दोघांच्या निग्रहाकडे, निःस्पृहतेकडे आणि वाद शेवटपर्यंत नेण्याच्या हट्टाकडे पाहिले, तर दोघे एकाच मुशीतून बाहेर पडले होते, याविषयी संशय राहत नाही.

आगरकर वारले त्याच सुमारास सातारा शहरात एक लष्करी पेन्शनर आपल्या मुलाबाळांसह राहावयास आला. सुभेदार रामजी सकपाळ हे ते गृहस्थ. त्यांच्या पत्नी भीमाबाई साताऱ्यासच वारल्या. त्यांचा धाकटा मुलगा भिवा ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाला. हेच पुढे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर होत.

या मुलावर एकाच वेळी दोन निराळ्या शाळांचे संस्कार होत होते. एक शाळा घरची. रामजी सुभेदार कबीरपंथी होते. शिस्त कडक, मद्यमांस वर्ज्य, मुलांकडून अभंग आणि दोहे म्हणवून घेण्याचा परिपाठ. दुसरी शाळा घराबाहेरची. वर्गात या मुलाला बसावयास वेगळे गोणपाट. ते त्याने रोज घरून आणावयाचे आणि रोज घरी न्यावयाचे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावे तेव्हा प्यावयाचे. शिपाई नसेल तर तहानेलेच राहावयाचे. गावातला न्हावी केस कापीत नसे, म्हणून ते काम घरी बहीण करी. १९०१ साली वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल असताना त्यांना भेटावयास ही मुले आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. त्यांची जात कळताच स्टेशनमास्तर दूर झाला, एकही गाडीवान त्यांना न्यावयास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन, मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि मालकाने बाजूने चालावे, अशा करारावर एक गाडी मिळाली. शिदोरी जवळ होती, पण वाटेत रात्रभर कोणी पाणी दिले नाही. या प्रवासाचे वर्णन बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेविले आहे, आणि त्या घटनेचा ठसा मनावरून कधीच पुसला नाही, असे त्यात नमूद केले आहे.

घरी कबीर शिकवीत होता की माणसामाणसांत भेद नाही. बाहेर मसूरची वाट शिकवीत होती की भेदावाचून दुसरे काही नाही. या दोन्ही शिकवणींतला विरोध ज्या मुलाच्या मनात जळत राहिला, तो मोठेपणी जुन्या श्रद्धेशी समेट करील हे शक्यच नव्हते. तरीसुद्धा घरच्या संस्काराचे काम संपले नव्हते. रामायण-महाभारत वाचण्याचा आग्रह वडील का धरतात, असे पुढे या मुलाने त्यांना विचारले. आपण अस्पृश्य, त्यामुळे मनात न्यूनगंड शिरण्याचा संभव अधिक. द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून केवढे चढले ते पाहा, वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला हे पाहा, असे उत्तर सुभेदारांनी दिले. ही आठवण बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्या बुद्धविषयक ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितली आहे. वडील कबीरपंथी, म्हणजे मूर्तिपूजा न मानणारे. तरी मुलांसाठी ते गणपती बसवीत. ही विसंगती आपणास तेव्हाही रुचली नव्हती, हेही तेथेच सांगितले आहे. म्हणजे वडिलांच्या श्रद्धेची परीक्षा मुलगा घेत होता, परंतु परीक्षेचे माप वडिलांनीच त्याच्या हाती दिलेले होते. बुद्ध, कबीर आणि जोतिराव फुले हे आपले तीन गुरू असल्याचे बाबासाहेब सांगत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला, तेव्हा वडिलांचा पंथ त्यांनी सोडला. परंतु कबीर सोडला नाही.

त्या तीन गुरूंपैकी जोतिरावांचे नातेही याच प्रदेशाशी पोहोचते. फुले घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. आणि सावित्रीबाईंचा जन्म १८३१ साली खंडाळ्याजवळ नायगावी झाला. माहेरी अक्षरओळख न झालेली ही मुलगी सासरी आल्यावर पतीकडून शिकली आणि १८४८ नंतर पुण्यात मुलींना शिकवू लागली. पुढे १८७३ साली अशीच गोष्ट पुन्हा घडली. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची अकरा वर्षांची मुलगी न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी होऊन पुण्यास गेली. घरातल्या वडील स्त्रियांचा विरोध सोशीत ती पतीजवळ लिहावाचावयास शिकली. रमाबाई रानडे म्हणून पुढे सेवासदनाच्या द्वारे त्यांनी हजारो स्त्रियांना शिक्षणाची वाट दाखविली. संस्कार म्हणजे काय ते सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत होऊन चुकते, असे मानणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे ध्यानात घ्यावीत. जुन्या काळच्या मुलीचे दोनदा संगोपन होत असे, एकदा माहेरी आणि एकदा सासरी. दुसऱ्या संगोपनात पुस्तक हाती आले, तर पहिल्याचा रोख पालटू शकत असे.

जोतिरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला. देव आणि भक्त यांच्यामध्ये मध्यस्थाची गरज नाही, हे त्याचे मुख्य तत्त्व. हे तत्त्व पुण्यामुंबईच्या सभांतून बोलले गेले. परंतु ते रुजले सातारा-कोल्हापूरकडच्या खेड्यांत. याचे कारण पाहण्याजोगे आहे. या खेड्यांतील कुणबी-मराठा शेतकऱ्याला वारकरी वळण होते. एकादशीला देवळात भजन, वर्षाकाठी सप्ताह, सप्ताहाच्या शेवटी गावाने वर्गणीचे धान्य घालून केलेले जेवण, आषाढीला पंढरीची वाट. देवाचे नाव आपल्याच बोलीत, आपल्याच तोंडाने घ्यावयाचे, हे त्याला नवे नव्हते. उभा राहून बोलणाऱ्या एका माणसाचे नीतिविषयक भाषण रात्र रात्र ऐकण्याची सवय कीर्तनाने त्याच्या अंगी बाणविली होती. सत्यशोधकांनी ही सवय ओळखली आणि तमाशाच्या धर्तीवर जलसे उभे केले. गण, बतावणी, सवालजबाब हा साज तोच. विषय मात्र सावकाराचे व्याज, भटभिक्षुकांची दक्षिणा, मुलांची शाळा. भटजीवाचून लग्ने लागू लागली. १९१९ ते १९२१ च्या सुमारास जिल्ह्यातील कित्येक गावी कुळे एका बाजूस आणि सावकार-जमीनदार दुसऱ्या बाजूस, असा उघड संघर्ष पेटला. धर्मसुधारणेच्या दाराने राजकारण खेड्यात शिरले ते असे.

पुढची पायरी १९३० ची. त्या वर्षीच्या कायदेभंगात शिराळ्याकडील बिळाशी गावच्या लोकांनी जंगल सत्याग्रह केला. आणि वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्रचे नाना रामचंद्र पाटील यांनी तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत उडी घेतली. नाना पाटील वारकरी वळणात आणि सत्यशोधकी वाऱ्यात वाढलेले. त्यांची भाषणे म्हणजे शेतकऱ्याच्या बोलीतले एक प्रकारचे कीर्तनच असे. १९४२ च्या सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर शेतकऱ्यांचे मोर्चे गेले. ९ सप्टेंबरला वडूज येथे झालेल्या गोळीबारात परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती हुतात्मे झाले. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. आणि त्याच वर्षापासून १९४६ पर्यंत नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यातील शेकडो गावांत प्रतिसरकार चालले.

या प्रतिसरकारची कामे पाहिली म्हणजे संस्काराचे कार्य डोळ्यांपुढे उभे राहते. न्यायदान मंडळे गावातले तंटे गावातच तोडीत. दारूबंदीचा आग्रह असे. हुंडा, मानपान आणि वाजंत्री यांना फाटा देऊन, हारतुऱ्यांत लागणाऱ्या लग्नांना लोक 'गांधी लग्न' म्हणत. नाव गांधींचे, परंतु भटजीवाचून आणि कर्जावाचून लग्न लावण्याची रीत सत्यशोधकांनी आधीच घालून दिली होती. दारू सोडण्याची शपथ माळकऱ्याने त्याहून आधी घेतली होती. आणि पंचांनी पारावर बसून निवाडा करण्याची रीत तर कोणाच्याही चळवळीपूर्वीची. नवे राजकीय मत जुन्या सवयीच्या खांद्यावर बसून आले, म्हणूनच ते तीन वर्षे सरकारी पोलिसांस पुरून उरले. स्वातंत्र्यानंतर नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ साली साताऱ्याने त्यांना लोकसभेवर निवडून दिले. ज्ञानोबा-तुकारामांवर पोसलेल्या लोकांनी कम्युनिस्टास मत दिले, याचे शहरात आश्चर्य झाले असेल. ऐकणाऱ्यांना तो जुनाच नाना पाटील होता.

परंतु या गौरवाच्या कथेला एक काळी बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण असल्याचे कळताच सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे, दुकाने लुटली आणि जाळली गेली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लागली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर उभारलेला हा कारखाना शेतकऱ्याला लोखंडी नांगर पुरविणारा होता. ज्यांचा हत्येशी काडीमात्र संबंध नव्हता, अशा कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांचे गाव सोडून रातोरात बाहेर पडावे लागले. गांधींच्या नावाने ज्या गावांत साधी लग्ने लागली होती, त्यांतल्या काही गावांत गांधींच्याच नावाने शेजाऱ्याचे घर पेटविले गेले. भटशाहीवर टीका ऐकत वाढलेल्या सर्वांनी हे केले नाही. कित्येकांनी शेजाऱ्यांना आसराही दिला. तरी एवढे खरे, की एखाद्या वर्गाविरुद्धचे मत मुलाच्या कानावर पडत राहिले आणि त्या वर्गातला एकही मुलगा त्याच्या पंगतीला कधी बसला नाही, तर त्या मताचे द्वेषात रूपांतर होण्यास एक ठिणगी पुरे होते. आणि हे उलट बाजूनेही तितकेच खरे. पिढ्यान्‌पिढ्या पंगत वेगळी मांडणाऱ्यांनी हा दुरावा आधी शिकविला होता.

हे मर्म ज्या पुरुषाने या सर्वांच्या आधी ओळखले होते, तोही याच खोऱ्यातला. भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. घराण्याचे गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास जैन बोर्डिंगात राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परत आल्यावर स्नान केल्यावाचून जेवावयास बसू दिले जाणार नाही, असे सांगण्यात आले. भाऊरावांनी ते मानले नाही आणि बोर्डिंग सोडले, अशी हकीकत त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांची काच विकीत ते गावोगाव फिरले, तेव्हा शेतकऱ्याचे घर त्यांनी आतून पाहिले. सत्यशोधक समाजात ते होतेच. परंतु व्याख्याने आणि जलसे यांनी मोठ्या माणसांची मते बदलतात, सवयी बदलत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले असावे. कारण ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी सत्यशोधकांच्या मेळाव्यातच त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि तिचा पाया शाळा नव्हे तर वसतिगृह हा ठेविला.

१९२४ साली साताऱ्यास त्यांनी काढलेले वसतिगृह हे या दृष्टीने एक नवे घरच होते. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, ब्राह्मण अशा सर्व जातीधर्मांची मुले तेथे एका छपराखाली राहत. मुलांनी घरून शिधा आणावा, पाणी भरावे, पाळीपाळीने स्वयंपाक करावा, वाढावे आणि एका पंगतीस बसून जेवावे, असा क्रम होता. अस्पृश्यता पाप आहे, यावर रोज प्रवचन देण्याची गरज उरली नव्हती. महाराच्या मुलाने भाजलेली भाकरी पाटलाच्या मुलाने खाल्ली, की तो धडा दोघांचाही पाठ होत असे. हातखर्चाला पैसा नसे तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे सोने मोडले, अखेर मंगळसूत्रही विकून मुलांच्या ताटात अन्न वाढले. स्वतः सोवळ्यात वाढलेल्या या माउलीचे मन प्रथम कचरले असल्यास नवल नाही. पण पोटच्या पोराप्रमाणे मुले पंगतीला बसू लागल्यावर सोवळे कोठच्या कोठे राहिले. १९२७ साली महात्मा गांधींनी हे वसतिगृह पाहिले आणि त्यांच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. नावातच एक बोध आहे. शाहू महाराज सत्यशोधकांचे आधारस्तंभ आणि गांधीजी काँग्रेसचे सर्वस्व. बाहेर या दोन पक्षांचे सख्य नसताना, जेथे मुले एकत्र जेवत होती तेथे दोन्ही नावे एकाच दारावर सुखाने नांदली.

या घरातून बाहेर पडलेली सारी मुले एका मताची झाली काय? मुळीच नाही. कोणी काँग्रेसमध्ये गेले, कोणी शेतकरी कामगार पक्षात, कोणी डाव्या चळवळीत, कोणी सरकारी नोकरीत. भाऊरावांनी त्यांना एका पक्षाची दीक्षा दिली नव्हती. स्वतःच्या कष्टाने शिकावे आणि शेजारी बसलेल्याची जात विचारू नये, एवढीच शिस्त त्यांनी लाविली. देवराष्ट्र्यात १९१३ साली जन्मलेले यशवंतराव चव्हाण यांच्या घरातही हेच दिसते. वडील लवकर वारलेले, आई विठाबाई निरक्षर. थोरले बंधू गणपतराव यांचा ओढा सत्यशोधक, ब्राह्मणेतर चळवळीकडे. धाकट्या यशवंतरावांचा काँग्रेसकडे. एकाच चुलीवरची भाकरी खाऊन दोघे भाऊ दोन पक्षांत विचार करीत होते आणि तरी एकमेकांचे शिक्षण सांभाळीत होते. १९३२ साली यशवंतराव तुरुंगात असताना, माफी मागितल्यास सुटका होईल, असे हितचिंतकांनी आईस सुचविले. तिने मुलास माफी मागावयास सांगितले नाही. राजकारण तिला ठाऊक नव्हते. मान कशात असतो, हे ठाऊक होते. यशवंतरावांनी 'कृष्णाकाठ' या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात ही आठवण मोठ्या कृतज्ञतेने नोंदविली आहे.

या सर्व उदाहरणांवरून एवढे म्हणता येईल, की घर मुलाला मत देण्याचा प्रयत्न पुष्कळ करते. परंतु त्याच्यापाशी टिकते ते दिलेले मत नव्हे, तर मते तोलण्याचे माप. आगरकरांपाशी देव राहिला नाही, निःस्पृहता राहिली. आंबेडकरांपाशी वडिलांचा पंथ राहिला नाही, समतेचा आग्रह राहिला. नाना पाटलांनी पक्ष बदलले, लोकांत उभे राहून त्यांच्याच बोलीत बोलण्याची रीत बदलली नाही. आणि जेथे घराने आणि चळवळीने केवळ मत दिले, माप दिले नाही, तेथे १९४८ च्या आगी लागल्या. आपली मते आपल्याला आयती मिळाली, या कबुलीने म्हणूनच जबाबदारी टळत नाही. ज्या मापाने आपण दुसऱ्याची श्रद्धा तोलतो, त्याच मापाने स्वतःच्या घरची श्रद्धा तोलून पाहणे प्रत्येकाच्या हाती असते. बाबासाहेबांनी ते शाळकरी वयात केले होते.

शहरातल्या सुशिक्षित कुटुंबांना या इतिहासाशी आपला काय संबंध, असे वाटण्याचा संभव आहे. मुलांनी कोणत्या पक्षाला मत द्यावे, कोणता देव मानावा, यावर आईबापांत पुष्कळ चर्चा होते. परंतु मूल कोणाच्या घरी जेवते, कोणाला घरी जेवावयास आणते, घरकाम करणाऱ्या बाईला पाणी कोणत्या भांड्यातून दिलेले ते पाहते, याकडे तितके लक्ष जात नाही. भाऊराव पाटील ९ मे १९५९ रोजी वारले, तेव्हा त्यांच्या संस्थेच्या शाळा महाराष्ट्रातील खेडोपाडी पसरल्या होत्या. त्या सर्वांचा आरंभ, पाहू गेले तर, एका पंगतीत झाला होता.